हूकला बांधलेला लाल धागा

मामाजी,

तुम्ही गेल्यापासून मला दुपारची झोप लागते. नागपूरच्या खोलीत पंख्याखाली पुस्तक पालथं ठेवून मी आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच तुमच्या खाटेची कुरकुर ऐकू येते. मग तुमची पडवी येते, कौलांच्या फटीतून उतरलेलं ऊन येतं, उन्हात तरंगणारा धानाचा बारीक कोंडा येतो, आणि तुम्ही विचारता, "मॅडम, झोपून राहिल्या का जागून राहिल्या?" मी काहीतरी सांगायला जाते आणि जागी होते.

तुमच्याशी बोलायला मला तसाही वेळ लागायचा. गोंदियाच्या इंग्रजी शाळेला सुट्टी लागली की मी तुमच्या गावी यायची आणि पहिले दोन-तीन दिवस नुसती मान हलवायची. "हिची मुंडी पाहा," तुम्ही मामीला सांगायचा. "बापानं एवढी फी भरली अन् पोट्टी मुंडीवरच काम चालवून राहिली." एकदा मला समोर बसवून म्हणालात, "इंग्लिशमधी हासून दाखव." मला हसू आलं. "हे त मराठीतच हाय! फी वापस मागजो." त्यानंतर मी तुमच्याशी बोलायला लागले. इतकं मी शाळेत कधी बोलले नाही, घरातही नाही, आणि इथे नागपुरात तर नाहीच.

तुमचं काम उंचावरचं. राईस मिलच्या शेडचे ते मोठे लोखंडी त्रिकोण, ज्यांना तुम्ही कैच्या म्हणायचा, ते वर चढवून बसवायचे आणि त्यांच्यावर पत्रे टाकायचे. आपण एसटीनं आपल्या तालुक्याच्या गोरेगावहून गोंदियाला निघालो की तुम्ही खिडकीतून बोट दाखवत राहायचा, हे शेड आपलं, ते पलीकडचंही आपलं. एकदा कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "सगळ्या मिला तुमच्याच का जी?" तुम्ही म्हणालात, "मिल शेठची. सावली आपली." सगळी बस हसली. मला तेव्हा खरंच वाटायचं, की रस्त्यावर पडलेल्या त्या लांब सावल्या तुमच्या मालकीच्या आहेत आणि बस त्यांच्यावरून जाताना जरा हळू जाते.

तुम्ही मला एकदा पाखरांची गोष्ट सांगितली होती. थंडीतली सकाळ होती, तुम्ही कैचीवर बसून विडी ओढत होता. खाली धुकं होतं, त्यात मिलच्या बॉयलरची वाफ मिसळत होती, भिजल्या-उकडल्या धानाचा वास वरपर्यंत येत होता. गाव दिसत नव्हतं, तलाव दिसत नव्हता, फक्त झाडांचे शेंडे पाण्यावर ठेवल्यासारखे दिसत होते. आणि तुमच्या पायांखालून सारसांची जोडी गेली. "खालच्या लोकायनं पाखराचं पोट पाहिलं असते," तुम्ही म्हणालात. "मी पाठ पाहिली. पाठीवर ऊन होतं त्यायच्या." ही गोष्ट तुम्ही मला पुष्कळदा सांगितलीत. दरवेळी धुकं थोडं जास्त दाट व्हायचं आणि सारस थोडे अजून जवळून जायचे. शेवटच्या वर्षात तर तुम्ही हात लांब केला असता तर लागले असते.

तो उन्हाळा मात्र मला धुक्यात दिसत नाही. दहावीची परीक्षा देऊन मी आले होते. सकाळी मी अंगणात तोंड धुवत होते आणि तुम्ही उंबऱ्यावर बसला होता. मांडीवर कमरेचा सेफ्टी बेल्ट, त्याला नायलॉनची दोरी, दोरीच्या टोकाला लोखंडी हूक. देवघरातलं लाल धाग्याचं रीळ तुम्ही आणलं होतं आणि हूकच्या तोंडाभोवती धागा गुंडाळत होता.

मला विश्वकर्मा पूजा माहीत होती. सप्टेंबरात त्या दिवशी तुमच्यातलं कोणी काम करत नाही. हातोडे, पाने, वेल्डिंगची मशीन, बेल्ट, सगळं धुऊन मांडायचं, कुंकू लावायचं, एकेकाला लाल धागा बांधायचा. तो धागा मग कोणी तोडत नाही. उन्हापावसात विटून विटून आपोआप गळून पडतो. पण हा मे महिना होता.

"आज पूजा आहे का?" मी विचारलं.

"पूजा कायची वो. हे पाहा." हूकच्या तोंडाशी एक पट्टी असते. हूक पाइपात अडकला की ती आपोआप मिटायला हवी, म्हणजे हूक बाहेर निघत नाही. तुम्ही ती बोटानं हलवलीत. हलणाऱ्या दातासारखी लोंबत होती. "स्प्रिंग मेली. माईच नाई, सगळ्यायचीच मेली."

"मग नवीन घ्या ना."

"देवाजी आनतो म्हने नागपूरहून. शेठ म्हनते, हे शेड होऊन जाऊ दे."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत पट्टी बांधाले देवाचा धागा हाय न." आणि तुम्ही डोळा मारलात. "वरून फायदा पाहा. तपासनीचा सायब येते, धागा पाहाते, अन् हात जोडून जाते."

मीही हसले. चहा झाला, तुम्ही बेल्ट खांद्यावर टाकला आणि देवाजी ठेकेदारांच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलात. ते तुमच्याच गावचे, तुमच्याबरोबर एकाच दुकानात वेल्डिंग शिकलेले. त्यांनी पुढे ठेके घ्यायला सुरुवात केली आणि तुम्ही त्यांचे पहिले कामगार झालात.

त्याच महिन्यात तुम्ही पडलात. ते मी पाहिलं नाही. तुम्ही त्याबद्दल एकदाच बोललात, तेही झोपेच्या अलीकडे की पलीकडे ते मला कळलं नाही. एका कैचीवरून दुसरीवर जाताना धागा सोडावा लागतो आणि नव्या जागी हूक लावून परत बांधावा लागतो. तुम्ही हूक लावला होता. धागा दातात होता. तेवढ्यात वारा आला आणि हातातला पत्रा उचलला गेला. "हूक असा निघाला," तुम्ही म्हणालात, "जसा मच्छीच्या तोंडातून गळ निघते." मला वाटलं झोपलात. जरा वेळानं म्हणालात, "पडताना मले शेडची सावली दिसली. मोठी होती."

त्यानंतरची वर्षं तुमची खाटेवरची. कमरेखाली जाणीव उरली नाही. डोक्याच्या बाजूला रस्ता होता, तो दिसायचा नाही, म्हणून तुम्ही खाटेच्या पाटीला मोटरसायकलचा आरसा बसवून घेतलात. त्यात तुम्हाला तलावाकडे जाणारी गुरं दिसायची, शाळेची पोरं दिसायची, उजवीकडचा तलाव डावीकडे दिसायचा. मी शेजारी बसून त्या आरशात पाहायची. तासन् तास आपण दोघं असे उलट्या गावात राहायचो. तिथे काही घडायचं नाही. बाया पाणी घेऊन यायच्या, बोडीवरून, त्या शेताकडच्या छोट्या तळ्यावरून, बगळे उठायचे, आणि तुमचे पाय चादरीखाली दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे पडून असायचे.

दावा मामीच्या भावानं दाखल करायला लावला. आमच्या वकीलबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं, की कायद्यानं पाहिलं तर गोष्ट सरळ आहे. काम शेठच्या मिलचं, माणसं ठेकेदाराची, उंचावर चढणाऱ्याला धड बेल्ट देणं ही त्या दोघांची जबाबदारी. शेठचे वकील म्हणाले, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचे वकील म्हणाले, बेल्ट दिला होता. पण एका मुद्द्यावर दोघांचं जमलं. त्यांचा लेखी जबाब इंग्रजीत होता, तो मी तुम्हाला वाचून दाखवला. अर्जदारानं धार्मिक भावनेतून हूकला धागा बांधला, त्यामुळे पट्टी अडकली, आणि सुरक्षेचं साधन अर्जदारानं स्वतःच्या हातानं बिघडवलं.

तुम्ही हसलात. "देवावर गेलं, बरं झालं. देवाले कोनी तारखेवर बोलवत नाई."

तुम्ही थट्टा करताय असं मला वाटलं. पण तुमच्या साक्षीच्या दिवशी, खुर्चीसकट उचलून तुम्हाला कोर्टात नेलं, मी मागच्या बाकावर बसले, आणि समोरच्या वकिलांनी विचारलं, "हूकला होता तो धागा विश्वकर्मा पूजेचा होता, बरोबर?" तुम्ही म्हणालात, "हो जी." वकीलबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

येताना भाड्याच्या गाडीत आपलं भांडण झालं. मागच्या सीटवर तुम्ही आडवे, तुमचं डोकं माझ्या मांडीवर. इतक्या जवळून मी कोणाशी भांडले नव्हते.

"खोटं का सांगितलं तुम्ही?"

"खिडकी लाव. धूळ येऊन राहिली."

"मी सांगीन. मी पाहिलंय तुम्हाला धागा बांधताना. तुम्ही मला पट्टी दाखवली होती."

"तू काई नाई सांगनार."

"का पण?"

"देवाजी जाईन न आतमंदी. शेठ सुटून जाईन, अन् तो जाईन. मंग वीस घरचे पोट्टे कोनाच्या मांगं काम करतीन? माया शब्द हाय, तू कोर्टात उभी नाई राहाची."

मी खिडकी लावली. बाहेर रोवणी चालली होती, पाण्यात वाकलेल्या बाया आणि त्यांच्या खाली त्यांच्याच वाकलेल्या सावल्या. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी शब्द दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही. वकीलबाईंनी नंतर सांगितलं, की एवढ्यानं दावा बुडत नाही, अशा दुखापतीत कायदा कामगाराची चूक फारशी मोजत नाही. पण चूक कोणाची, हे आता तुमच्याच तोंडून लिहिलं गेलं होतं. मिलवाल्यांना एक हूकसुद्धा बदलायचं कारण राहिलं नव्हतं.

आपलं भांडण मग कधी मिटलं नाही. त्यावर आपण बोललोही नाही. दर बाजाराच्या दिवशी देवाजी मामा यायचे. बोडीतले मासे आणायचे किंवा मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा. मामी पाणी गरम करायची आणि ते तुमची दाढी करायचे. मी दारातून पाहायची. तुम्ही मान मागे टाकायचा, गळा पूर्ण उघडा, डोळे मिटलेले. ते वस्तरा धरून वाकायचे, जीभ दातात धरून, जसं कोणी फार बारीक वेल्डिंग करतं. "हालू नको बे," ते म्हणायचे. "हालून जाऊ कुठं," तुम्ही म्हणायचा. दोघंही हसायचे. साबणाचा वास यायचा, आरशात गुरं जायची, आणि त्या पडवीत मला असं वाटायचं, की शेड कधी उभंच राहिलं नाही, कोणी वर चढलं नाही, दोन म्हातारे मित्र आहेत आणि दुपार आहे. ते गेल्यावर तुम्ही गालावरून हात फिरवत मला म्हणालात, "तो माई दाढी करते. मी त्याचा गळा कसा धरू?"

 

मग पाठीची जखम चिघळली, ताप आला, आणि ताप गेला नाही. तापात तुम्ही पुन्हा वर असायचा. मला म्हणायचा, "पत्रा तापला हाय, पाय उचलून ठेव." मी खरंच पाय उचलून घ्यायची. एकदा म्हणालात, "खाली पाहा, गेले." मी खाली पाहिलं. मातीची जमीन होती, शेणानं सारवलेली. पण मामाजी, क्षणभर मला तिथे दोन करड्या पाठी दिसल्या, मोठ्या, संथ, आणि त्यांच्यावर ऊन. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही.

तुम्हाला नेलं त्या दिवशी मोहाची फुलं पडत होती. रस्त्यात सगळीकडे तो गोड, जड वास. मी बायांबरोबर अंगणात उभी होते. तेव्हा देवाजी मामांच्या हाताखालची माणसं आली. कामावरून सरळ आली होती, कोणीतरी फोन केला असेल आणि ती जशी होती तशी मोटरसायकलवर बसली असतील. कमरेचे बेल्ट तसेच होते. तुम्हाला उचलायला ती वाकली तेव्हा सगळ्यांचे हूक पुढे लोंबले, तिरडीच्या बांबूवर आपटले. टिक टिक असा आवाज झाला.

प्रत्येक हूकच्या तोंडाला लाल धागा होता. मार्च महिना होता, आणि धागे ताजे होते. कुंकवासारखे लाल.

मी रडत होते, ती थांबले. शेजारच्या बाईला वाटलं मला घेरी आली. तिनं मला धरून खाली बसवलं.

तेरवीला देवाजी मामा पंगतीत वाढत होते. उन्हात घामेजलेले, खांद्यावर पंचा, आग्रह करकरून वरण वाढत होते. जेवणं उरकल्यावर ते विहिरीजवळ हात धुवायला गेले, तशी मी मागे गेले. तुम्हाला माहीत आहे, मी कोणाच्या मागे जात नाही.

"देवाजी मामा," मी म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांच्या हूकला नवा धागा होता. पूजा तर सप्टेंबरात असते."

ते पाणी ओतत राहिले. "तुले का माहीत वो बेटा, ह्या कामातलं."

"माहीत आहे. मामाजींनी मला पट्टी दाखवली होती."

तांब्या थांबला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "मंग कोर्टात काऊन नाई बोलली?"

"मामाजी नाही म्हणाले."

"मलेबी तोच नाई म्हने," ते म्हणाले. "मी सांगतो म्हनलो होतो. खरं सांगतो, याच विहिरीवर बसून म्हनलो होतो. तो म्हने, तू गेला त मी कोनाच्या तोंडाकडे पाहून दिवस काढू."

हे खरं आहे का, मामाजी? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मला कळत नव्हतं. त्यांचे डोळे वाहत होते, ते खरं होतं. पण रडणारा माणूसही सोयीचं तेवढं आठवतो. ज्याला विचारायचं तो तुम्ही, आणि तुमच्याच तेरवीचं उष्टं कुत्री खात होती.

"आता सांगाल?" मी विचारलं.

त्यांनी पंच्यानं हात पुसले, एकेक बोट. "शेठ काम बंद करन," ते म्हणाले. मग, "पोट्ट्यायले मी सांगत राहातो, धागा नीट बांधा म्हनून." आणि गेले. त्यांच्या दृष्टीनं ती काळजीच होती. तुमचीही तशीच होती. म्हणून मला त्यांचा राग नीट धरता येत नाही, हातातून निसटतो.

मी मामीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तुमच्या जागी आता दावा तिच्या नावानं चालायचा आहे. मला वाटलं ती म्हणेल, गेलेल्या माणसाचा शब्द मोडू नये. तिनं सूप खाली ठेवलं. "तुया मामानं साऱ्यायले सांभाळलं," ती म्हणाली. "मले कोनी इचारलं? चार साल मी त्यायले कुशीवर वळवत होती. जाजो तू. बोलजो."

वकीलबाई म्हणतात, नव्या साक्षीसाठी अर्ज करावा लागेल, समोरचे विरोध करतील. इतके दिवस कुठे होतीस, असं मला विचारतील. विचारू देत. काय पाहिलं ते मी सांगणार आहे. तो उंबरा, ते रीळ, लोंबणारी पट्टी, आणि शेठ काय म्हणाले होते तेही, तुमच्याच शब्दांत. मी त्यात देवाजी मामांचं नाव घेणार आहे. ते घेताना मला तुमचा उघडा गळा आणि त्यांची दातात धरलेली जीभ दिसणार आहे, हे मला माहीत आहे.

तुम्ही मला हसायला शिकवलंत, बोलायला शिकवलंत, पाखरांच्या पाठी दाखवल्यात. त्यासाठी मी तुमची उतराई कशी होऊ ते मला सांगता येत नाही. आणि या एका गोष्टीत तुम्ही चुकलात असं मला वाटतं, हेही तुम्हालाच सांगायचं होतं, तुम्ही असताना, तुमचं डोकं मांडीवर असताना. रागवायचं असेल तर रागवा. दुपारी येता तसे या आणि पडवीत बसून मला हवं ते बोला, मी ऐकून घेईन. पण तारखेच्या दिवशी मी कोर्टात उभी राहीन, तेव्हा तिकडे गोरेगावच्या रस्त्यावर देवाजी मामांची माणसं नव्या शेडवर चढलेली असतील. संध्याकाळी ती सगळी शिडीनं खाली उतरायला हवीत.